खाडा न पाडता एक्स-रे : वाळवा तालुक्यातल्या ऊसतोड तळावरची क्षयरोग तपासणी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं आहे. एका साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामासाठी उतरलेल्या ऊसतोड मजुरांची क्षयरोगाची तपासणी करायची होती. हाताशी दोन साधनं होती : हातात धरून फोटो काढता येईल असं लहान एक्स-रे यंत्र, आणि छातीचा फोटो वाचून आकडा देणारी एआय प्रणाली. यंत्र चांगलं होतं, प्रणालीही चांगली होती. तरी पहिल्या टप्प्यात संशयित ठरलेली बहुतेक माणसं पुढच्या तपासणीपर्यंत पोचलीच नाहीत. ती का पोचली नाहीत आणि मग काय काय बदलावं लागलं, ते इथे मांडते आहे. कारखाना, गाव, माणसं आणि प्रणाली बनवणारी कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी सार्वजनिक आरोग्याचं काम करते. तपासणीचा क्रम आखणं आणि पडद्यावर काय दिसावं हे ठरवायला प्रणालीवाल्यांबरोबर बसणं, हे या पथकात माझं काम होतं.

एक्स-रेच कशाला

क्षयरोग शोधायची जुनी पद्धत म्हणजे विचारणं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलंय का, रात्री घाम येतो का. 'हो' म्हणेल त्याचा थुंकीचा नमुना घ्यायचा. या पद्धतीतून किती माणसं निसटतात ते २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणाने दाखवलं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले होते, नुसत्या लक्षणांवर विसंबलं असतं तर ते हातून गेले असते. लक्षणं असलेल्यांपैकीही जवळपास ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेलेले नव्हते.

अडचण फोटो वाचणाऱ्याची असते. क्ष-किरणतज्ज्ञ मिरज-सांगलीत मिळतो, तळावर नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, की १५ वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीत छातीचा फोटो वाचायला माणसाच्या जागी संगणकीय प्रणाली वापरायला हरकत नाही. ही प्रणाली हजारो जुन्या फोटोंवरून शिकलेली असते आणि प्रत्येक नव्या फोटोला एक आकडा देते. हा फोटो क्षयाच्या फोटोंशी किती जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. या माणसाला क्षय आहे का, याचं उत्तर थुंकीच्या रेण्वीय तपासणीतूनच मिळतं. आमच्याकडे त्यासाठी ट्रूनॅट होतं. गोव्यात बनणारं हे यंत्र बॅटरीवर चालतं आणि साधारण तासाभरात जंतू आहे की नाही ते सांगतं. त्या वेळी ते ग्रामीण रुग्णालयात बसवलेलं होतं.

एकूण साखळी अशी : फोटो, आकडा, थुंकी, निदान, औषध. एआय त्यातल्या एकाच कडीवर आहे. कंपनीच्या सादरीकरणात मात्र तीच कडी सगळा पडदा व्यापून होती.

कोयता

ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे हत्यार, आणि 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, जोडीला मिळते आणि काम जोडीचं मोजलं जातं. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. दोघांपैकी एक जण जरी कामावर आला नाही, तरी कोयता अर्धा राहतो आणि खाडा पडतो. खाड्याचे पैसे मुकादम, म्हणजे टोळी जमवून आणणारा, उचलीतून वळते करतो. हंगाम संपताना उचल फिटलेली नसेल, तर उरलेलं देणं पुढच्या वर्षावर जातं. आजारपण, बाळंतपण, लेकराचा ताप यातलं काहीच खाड्यातून सुटत नाही.

इथे येणाऱ्या टोळ्या बऱ्याचशा बीड जिल्ह्यातून येतात, काही आपल्याच जत तालुक्यातून. राहायला कोप्या. पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाच्या, एकीला लागून एक. आत चूल, आतच झोपायचं. पहाटे अंधारात फडावर जायचं आणि गाडी भरून झाली की परतायचं. ती कधी भरेल ते ऊस आणि वाहन ठरवतात. क्षयाच्या जंतूला अशी दाटी आणि असा कोंदट निवारा मानवतो, हे कुठल्याही आशाताईला ठाऊक असतं.

हे मी पार्श्वभूमी म्हणून लिहीत नाही. पहिल्या आराखड्यातून हेच सुटलं होतं आणि प्रकरण इथेच अडलं.

पहिला टप्पा

कंपनीकडून तयार येणारा क्रम असा होता. शिबिराच्या जागी माणूस येतो, फोटो निघतो, मिनिटाच्या आत आकडा येतो. आकडा ठरलेल्या उंबरठ्याच्या वर गेला की पडदा लाल, खाली राहिला की हिरवा. लाल आलेल्याला चिठ्ठी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासायला पाठवायचं.

शिबिर रविवारी सकाळी भरवलं होतं. कारखान्याला रविवार नसतो. तरी मुकादमाशी बोलून काही टोळ्या थांबवल्या, फोटो निघाले, चिठ्ठ्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात आलेली माणसं बोटांवर मोजण्याएवढी होती. तिसऱ्या दिवशी आशाताई कोप्यांवर जाऊन आली. एका बाईने तिला सांगितलं, "ताई, ह्यास्नी खोकला न्हाई, ताप न्हाई. मशीन लाल झाली म्हून दोघांचा दिस कसा बुडवावा?"

प्रकल्पाच्या तक्त्यात याची नोंद 'लाभार्थ्यांचा अल्प प्रतिसाद' अशी झाली. तो शब्द बदलावा असा मी आग्रह धरला आणि पुढच्या बैठकीत बदलून घेतला. त्या बाईने केलेला हिशेब चोख होता. तिच्या जागी बसून पाहिलं, की तिचा निर्णय बरोबरच वाटतो. चुकीचा होता तो आम्ही तिच्यापुढे ठेवलेला पर्याय.

हिशेब

ही आकडेमोड मी बैठकीत फळ्यावर मांडली होती. ती इथेही देते, कारण एआयच्या चर्चेत तिच्यावरून फार घाईने पुढे जातात.

क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठरवलेली किमान अपेक्षा अशी : खरे रुग्ण १०० असतील तर ९० तरी पकडले जावेत, आणि निरोगी १०० असतील तर ७० तरी मोकळे सुटावेत. मघाच्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील एक लाख लोकांत फुप्फुसाचा, जंतू सापडलेला क्षय असलेले ३१६ जण निघाले. म्हणजे हजारात तीन.

तळावरच्या हजार माणसांचे फोटो काढले असं धरू. तीन रुग्ण आहेत, नशीब बरं असेल तर तिन्ही पकडले जातील. उरलेल्या ९९७ निरोगी माणसांपैकी ३० टक्के, म्हणजे जवळपास ३०० जणही लाल ठरतील. म्हणजे लाल आलेल्या शंभरातल्या नव्याण्णवांना क्षय नसणार. तळावर क्षयाचं प्रमाण देशाच्या सरासरीहून तिप्पट धरलं, हजारात दहा, तरी तीनशेवर माणसं बोलावल्यावर रुग्ण नऊच.

यात प्रणालीचा दोष नाही. दुर्मीळ गोष्ट शोधायची चाळणी अशीच चालते, आणि नऊ रुग्ण वेळेत सापडणं ही मोठीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की त्या तीनशे बोलावण्यांची किंमत कोण मोजतं. आमच्या पहिल्या क्रमात ती तीनशे कोयते मोजत होते. एकेक खाडा, म्हणजे जोडीचा दिवस. प्रयोगशाळेचा वेळ वाचावा, रुग्णालयाची वेळ सांभाळली जावी, म्हणून सगळं ओझं ज्याला ते सर्वांत कमी पेलवतं त्याच्या डोक्यावर ठेवलेलं होतं. आकड्यांच्या तक्त्यात हे ओझं कुठेच दिसत नव्हतं, कारण 'खाडा' नावाचा रकानाच नव्हता.

उंबरठा वर नेला की बोलावणी कमी होतात, पण रुग्णही निसटतात. खाली आणला की उलट. उंबरठा कुठे ठेवायचा ते गणित सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही एकच आकडा सगळीकडे लादलेला नाही. आपापल्या भागात, आपल्या लोकांवर तपासून तो ठरवा असं तिचं सांगणं आहे. कंपनीने मात्र दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणी ठरलेला उंबरठा तसाच घालून दिला होता आणि तो बदलायची सोय आमच्या हातात ठेवलेली नव्हती. पहिली मागणी आम्ही हीच केली : उंबरठा जिल्ह्याच्या हातात द्या, आणि बदलला तर कोणी, कधी आणि का बदलला याची नोंद राहू द्या.

ती मिळाली. उंबरठा ठरवायच्या बैठकीला वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्षयरोग कार्यक्रमाचे उपचार पर्यवेक्षक आणि आशाताई असे सगळे होते. सर्वांत उपयोगाचा प्रश्न तंत्रज्ञाने विचारला : "माणूस इथे येण्याऐवजी त्याची थुंकीच इथे आली तर?"

क्रम उलटवला

एआय प्रणालीतली एक ओळही न बदलता सर्वांत मोठा फरक या एका प्रश्नाने पडला.

आता फोटो निघाल्यावर आकडा उंबरठ्याच्या वर असेल, तर नमुना तिथल्या तिथे घ्यायचा. मोकळ्या हवेत, बाकीच्यांपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून. तेव्हा थुंकी निघाली नाही तर डबी द्यायची, आशाताई पहाटे कोपीवरून ती उचलेल. पहाटेचा नमुना तसाही चांगला येतो, फक्त माणूस फडावर जायच्या आत तिला पोचावं लागतं. त्यासाठी तिला वाहन आणि वेगळा भत्ता लागतो. तो मंजूर करून घेण्यात जेवढा कागद खर्ची पडला तेवढा बाकी कशातच पडला नसेल. नमुने एकत्र करून ग्रामीण रुग्णालयात जातात. जंतू सापडला तरच माणसाला बोलावणं जातं, आणि तेव्हाही औषध घेऊन पर्यवेक्षकच तळावर येतो.

तीनशे माणसांऐवजी तीनशे डब्या फिरू लागल्या. खाडा पडला तर तो खऱ्या रुग्णाचा, तोही एखादाच.

नमुना घेणं एवढं सोपं झाल्यावर उंबरठा बराच खाली आणणं परवडलं. ट्रूनॅट चाचणीच्या चिपचा खर्च वाढला खरा, पण निसटणाऱ्या रुग्णांची भीती कमी झाली. आधीच्या क्रमात हाच उंबरठा क्रूर ठरला असता.

मग शिबिराची वेळ. टायरगाडीवाले, म्हणजे टायरच्या बैलगाडीतून ऊस वाहणारे, ऊस भरून कारखान्यावर येतात आणि काट्याला नंबर लागेपर्यंत गाडीअड्ड्यावर थांबतात. कधी दोन तास, कधी रात्रभर. हा वेळ कोणाच्याही हिशेबात नसतो. एक्स-रे यंत्र आम्ही तिथे नेलं. एका बाजूला भिंत, दुसरीकडे मोकळी जागा आणि मधे कोणी येणार नाही असं अंतर, अशी किरणोत्सर्गाच्या नियमांत बसणारी जागा मिळेपर्यंत दोन ठिकाणं सोडावी लागली. पुरुष तिथे सापडू लागले. बाया अड्ड्यावर नसतात, त्या कोप्यांवर असतात आणि संध्याकाळी चुलीपाशी. त्यांच्यासाठी कोप्यांच्या तळावर संध्याकाळची वेगळी फेरी ठेवली. तिथे नेटवर्क नसतं, म्हणून प्रणाली इंटरनेटशिवाय लॅपटॉपवरच चालली पाहिजे ही अट आली. सादरीकरणात ही सोय 'अतिरिक्त' म्हणून दाखवली होती. आमच्यासाठी तिच्यावाचून कामच सुरू होत नव्हतं.

वेणी

बायांच्या पहिल्या फेरीत लाल निकाल अपेक्षेपेक्षा जास्त येत होते. कारण प्रणालीत सापडलं नाही, ते एक्स-रे तंत्रज्ञ बाईंना सापडलं. जाड वेणी खांद्यावरून पुढे आलेली असली, तर तिची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते. मोठ्या माणसांचा क्षयही बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. अनुभवी डोळ्याला वेणी ओळखू येते. प्रणाली ज्या फोटोंवरून शिकली ते जर वेणी नसलेल्या किंवा केस वर बांधलेल्या माणसांचे असतील, तर तिला ती कशी ओळखू येणार? मण्यांची डोरली आणि ब्लाऊजचे हूकही असाच घोळ घालतात.

उपाय साधा होता. केस वर बांधायचे, मंगळसूत्र काढायला न लावता हनुवटीच्या वर उचलून धरायचं. पण तो अमलात यायला आडोसा लागतो, बाई तंत्रज्ञ लागते आणि प्रत्येकीमागे दोन मिनिटं जास्तीची लागतात. 'मंगळसूत्र काढा' म्हटल्यावर रांगेतून निघून गेलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. ती दोन मिनिटं वाचवायला जाऊन फोटोच निघाला नसता.

याच आडोशात दिवस गेलेत का हेही विचारता येतं. असतील तर फोटो नाही, लक्षणं विचारून थेट थुंकी. हा प्रश्न आधी नोंदणीच्या टेबलावर, मुकादमाच्या समोर विचारला जात होता. तिथे कोण खरं सांगेल?

आता फोटोचा दर्जा नीट नसेल तर प्रणाली आकडाच देत नाही, 'पुन्हा काढा' म्हणते आणि कारण सांगते : केस, दागिना, श्वास, तिरका उभा. ही मागणी तंत्रज्ञ बाईंची होती. प्रणालीवाल्यांनी ती मान्य केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

जुना डाग

एक गाडीवान, पन्नाशीच्या पुढचा. खोकला नाही, भूक चांगली. आकडा खूप वर. पडदा लाल झाला आणि मागे उभ्या असलेल्या चारपाच जणांनी तो पाहिला. तासाभरात अड्ड्यावर बातमी झाली, रात्री त्याच्या शेजारच्या कोपीवाल्यांनी लेकरांना तिकडे जायची बंदी केली. थुंकीत काही सापडलं नाही. विचारल्यावर कळलं, की काही वर्षांपूर्वी त्याने सहा महिन्यांचा पूर्ण उपचार घेतला होता. फुप्फुसावर दिसत होता तो बऱ्या झालेल्या रोगाचा व्रण.

हे होणार हे आधीच माहीत असण्यासारखं होतं. ढाक्यात जवळपास २४ हजार लोकांवर पाच एआय प्रणाली तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाचही प्रणाली क्ष-किरणतज्ज्ञांच्या वरचढ ठरल्या. पण ६० वर्षांवरची माणसं आणि आधी क्षय होऊन गेलेली माणसं, या दोन गटांत पाचही अडखळल्या. एवढी माहिती हाताशी असताना आमच्या नोंदणीच्या पानावर 'आधी टीबीचं औषध घेतलं होतं का?' हा प्रश्न नव्हता. प्रणाली तो विचारत नव्हती, कारण तिला फक्त फोटो लागत होता.

प्रश्न घातला. उत्तर 'हो' असेल तर थुंकी आकडा न पाहताच घ्यायची, कारण अशा माणसाला पुन्हा क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. शक्य तिथे जुना फोटो मागवून वैद्यकीय अधिकारी दोन्ही शेजारी ठेवून पाहतात.

पण गाडीवानाला झालेला त्रास फोटो चुकीचा वाचल्याचा नव्हता, रंगाचा होता. लाल-हिरवा पडदा पाहून निर्णय पटकन होतो, म्हणून तो तसा केला होता. तो अड्ड्यावरच्या सगळ्यांनाच वाचता येतो, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तंत्रज्ञाच्या पडद्यावर रंग नाही. आकडाही नाही. पुढचं पाऊल काय, म्हणजे थुंकीचा नमुना घ्यायचा की नाही, एवढंच दिसतं. आकडा आणि फोटोवरचे खुणेचे ठिपके वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लॉगिनमध्ये दिसतात. शिवाय रांगेतल्या दर काही माणसांमागे एकाचा नमुना आकडा कमी असला तरी घेतला जातो. त्यामुळे हातात डबी दिसली की क्षय, असं समीकरण बसत नाही, आणि कमी आकड्यांत किती रुग्ण निसटतात याचाही अंदाज येत राहतो. ही युक्ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नेमकी वाटते. एकाच डबीतून माणसाची अब्रूही राखली जाते आणि यंत्राची परीक्षाही होते.

त्याच सुमारास एका मुकादमाने संशयितांची यादी मागितली. "टोळीत पसरायला नको, मॅडम," असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात त्याची स्वतःची खरी काळजीही होती. पण यादी हातात पडली की पुढच्या वर्षी कोणाला उचल मिळणार नाही हेही ठरलं असतं. दिली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यात खासगीपणावर स्पष्ट भर आहे. वैयक्तिक माहितीच्या (डेटाच्या) संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षीचा. तरीही तळावर कायद्याचा दाखला देऊन दर वेळी भागत नाही. म्हणून लॅपटॉपवरून नावांची यादी काढताच येऊ नये असं केलं. तंत्रज्ञावर दबाव आला तरी तिच्याकडे द्यायला काही नसतं.

हिरव्याचा धोका

लालबद्दल सगळे बोलतात. मला जास्त भीती हिरव्याची वाटते.

एक बाई महिनाभर खोकत होती, तिचं अंग उतरलं होतं. आकडा कमी आला. पहिल्या क्रमात तिला 'सगळं ठीक आहे' सांगून परत पाठवलं असतं, आणि तिनेही तेच धरून पुढचे तीन महिने काढले असते. मशीनने ठीक म्हटलंय यावर डॉक्टरच्या शब्दापेक्षाही जास्त विश्वास बसतो, हे आम्ही वारंवार पाहिलं. पथकातल्या माणसांचंही तसंच होतं. तंत्रज्ञाच्या पडद्यावर आकडा होता तेव्हा तो कमी दिसला की तंत्रज्ञ प्रश्न विचारणं आटोपतं घ्यायचा. तो आळशी नव्हता, रांग मोठी असायची.

म्हणून दोन नियम बसवले. लक्षणांचे प्रश्न आधी विचारायचे, फोटो नंतर. प्रश्नांची उत्तरं भरल्याशिवाय प्रणाली फोटो घेत नाही. दुसरा नियम, लक्षण असेल तर आकडा काहीही असो, थुंकी घ्यायची. त्या बाईच्या थुंकीत जंतू सापडला. क्षय प्रत्येक वेळी छातीच्या फोटोत ठळक उमटतोच असं नाही. प्रणालीच्या सरासरीत तिचा फोटो चुकलेल्या दहा टक्क्यांत मोजला गेला असता.

लोकांना सांगायचं वाक्यही बदललं. 'रिपोर्ट नॉर्मल' ऐवजी आता आशाताई म्हणते, "आज फोटोत काही दिसलं नाही. खोकला दोन आठवडे राहिला, ताप आला, तर मला निरोप द्या, मी डबी घेऊन येते." हे वाक्य तिने स्वतः बनवलं. आम्ही लिहून दिलेलं लांबलचक होतं आणि त्यात 'आढळून आले नाही' असं काहीतरी होतं.

हंगाम संपल्यावर

क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. जानेवारीत निदान झालं तर गाळप संपताना औषधांचा निम्माही पल्ला झालेला नसतो आणि रुग्ण बीडला किंवा जतला निघतो. नि-क्षय या सरकारी नोंदणीतून रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येतो. त्यासाठी फोन नंबर आणि गाव बरोबर असावं लागतं. नोंदवलेला नंबर बऱ्याचदा मुकादमाचा निघायचा. नोंदणीच्या वेळी फोन त्याच्याच हातात असायचा, किंवा जोडीकडे फोनच नसायचा.

आता गावाकडच्या आशाताईचं नाव आणि नंबर विचारला जातो. बायांना तो बहुतेक वेळा माहीत असतो, नसेल तर गावाच्या नावावरून पर्यवेक्षक शोधून काढतात. इथली आशा तिथल्या आशेला फोन करते आणि मग नोंदणीत हस्तांतर होतं. रुग्णाच्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यावर नि-क्षय क्रमांक, औषध कोणत्या तारखेपर्यंत पुरेल ते, आणि पोषण भत्त्याची माहिती. नोव्हेंबर २०२४ पासून हा भत्ता महिना एक हजार रुपये झाला आहे, आधी पाचशे होता. तो खात्यात जमा होतो, आणि पुष्कळ जोड्यांत खातं एकट्या नवऱ्याचं असतं. बाई रुग्ण असेल तर तिचं खातं उघडून देणं हेही तपासणीचंच काम धरायला हवं असं मला वाटतं. ते अजून सर्वत्र जमलेलं नाही.

सांगली-मिरजेला क्षयाच्या उपचाराची जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय सुरू केलं, पुढे वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. तेव्हा औषधच नव्हतं, रुग्णाला घरापासून तोडून महिनोन्‌महिने ठेवणं हाच उपचार होता. आज औषध कोपीपर्यंत येऊ शकतं. अशा वेळी आकडा देणारं यंत्र रुग्णालाच पुन्हा चालत यायला लावत असेल, तर ते जिल्ह्याने मुकाट्याने का स्वीकारावं?

अजून न सुटलेलं

१५ वर्षांखालची मुलं या प्रणालीच्या कक्षेत येत नाहीत, आणि कोप्यांत तीच सर्वांत जास्त असतात. मुलांना थुंकीही नीट काढता येत नाही. घरात रुग्ण सापडला तर लहान मुलांना प्रतिबंधक औषध सुरू करायचं, एवढंच सध्या हातात आहे.

दुसरी गोष्ट प्रणालीच्या सुधारणेची. कंपनीने मधेच नवी आवृत्ती पाठवली आणि त्याच फोटोंना वेगळे आकडे येऊ लागले. उंबरठा जुन्या आवृत्तीवर ठरवलेला होता. आता करारात अट घातली आहे, की हंगाम चालू असताना आवृत्ती बदलायची नाही, आणि बदलायची असेल तर आधी आमच्या साठवलेल्या, थुंकीचा निकाल माहीत असलेल्या फोटोंवर ती चालवून दाखवायची.

तिसरी गोष्ट खाड्याची. रुग्ण ठरलेल्या माणसाचे उपचाराच्या सुरुवातीचे दिवस खाड्यात धरायचे नाहीत, असं कारखान्याने टायरगाडीवाल्यांसाठी मान्य केलं. ट्रॅक्टरच्या टोळ्यांचा करार मात्र वाहनमालक, मुकादम आणि जोडी यांच्यात होतो. तिथे कारखान्याचं पत्र लागू होत नाही. उचलीचे व्यवहार पावसाळ्यात होतात, ऑक्टोबरात टोळी इथे उतरते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. म्हणून मुकादमांबरोबरची बैठक यंदा जुलैतच घ्यायचं ठरलं आहे. त्या बैठकीला प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा माणूसही बसावा अशी आमची मागणी आहे. त्यांनी प्रवासखर्च कोण देणार असं विचारलं आहे, आणि तो प्रकल्पातून द्यावा असं मी लिहून कळवलं आहे.